जिंकलो नाही तर फी नाही : अमेरिकेतल्या ‘ट्रायल लॉयर’चा धंदा चालतो कसा?

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईबाबांच्या गप्पांत वकिलांच्या बोर्डांचा विषय निघतोच. हायवेच्या कडेला आपल्याकडच्या भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सएवढा फोटो, हाताची घडी, गडद कोट आणि खाली भल्यामोठ्या अक्षरांत: इजा झाली? फोन करा. जिंकलो नाही तर फी नाही. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे हे बोर्ड पाहून हसू येतं आणि थोडी शंकाही येते. फुकट केस लढणारा वकील एवढ्या मोठ्या बोर्डाचं भाडं कुठून भरतो?

मग अधूनमधून पेपरात बातमी येते. जुलै २०१८मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने जॉन्सन अँड जॉन्सनला २२ महिलांना मिळून ४६९ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. बेबी पावडरमुळे कॅन्सर झाला असा त्यांचा दावा होता. अपिलात रक्कम निम्म्याहून खाली आली. आमच्या पावडरमध्ये दोष नाही असं कंपनी आजही म्हणते. हीच पावडर आपल्या मुलुंडच्या कारखान्यात बनायची. २०२२मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथला परवाना रद्द केला आणि जानेवारी २०२३मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द ठरवला. असे खटले चालवणारा तो बोर्डावरचा माणूस नेमकं करतो काय?

आधी दोन शब्द समजून घेऊ

खटला चालवणारा कुठलाही वकील शब्दशः ‘ट्रायल लॉयर’च. पण अमेरिकेत हा शब्द विशेषतः एका बाजूच्या वकिलाला चिकटला आहे : सदोष गाडी, औषध, यंत्र, खेळणं यांनी ज्याला इजा झाली त्याच्या बाजूने, कंपनीच्या विरुद्ध उभा राहणारा. या वकिलांची संघटना १९४६ची. २००६मध्ये तिने आपल्या नावातून ‘ट्रायल लॉयर्स’ काढून टाकलं आणि ‘जस्टिस’ घातलं. जुन्या नावाची किती शोभा झाली होती ते यावरून कळावं.

दुसरा शब्द ‘टॉर्ट’. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची पाण्याची टाकी फुटून तुमचं घर भिजलं, तर तो गुन्हा असेलच असं नाही आणि तुमच्यात काही करारही झालेला नसतो. तरी नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालं, म्हणून ते त्याने भरून द्यायचं. हा टॉर्ट. यात तुरुंग नसतो, पैसे असतात.

पूर्वी गाडीचं चाक मोडलं तर कंपनी म्हणायची, तुम्ही गाडी डीलरकडून घेतली, आमचा-तुमचा संबंधच नाही. १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने ब्युइक कंपनीचा हा बचाव मोडीत काढला. १९६३मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पुढची पायरी गाठली : वस्तू सदोष होती आणि त्या दोषाने इजा झाली एवढं सिद्ध झालं की पुरे, कंपनीने निष्काळजीपणा केला होता का हे ग्राहकाने वेगळं दाखवायची गरज नाही. लाकूडकामाच्या एका यंत्रातून उडालेला ठोकळा एकाच्या कपाळावर बसला, त्या दाव्यात हे ठरलं. यंत्र त्याला बायकोने भेट दिलं होतं. सदोष वस्तूंबद्दलचे आजचे दावे या दोन निकालांच्या पायावर उभे आहेत.

फी : ही वाट्याने केलेली शेती आहे

गावाकडे जमीन असते पण कसायला माणूस नसतो, तेव्हा ती वाट्याने देतात. बियाणं, खत, मेहनत कसणाऱ्याची आणि पीक आलं की ठरलेला हिस्सा. पाऊस पडला नाही तर कसणाऱ्याचं बियाणंही गेलं. ट्रायल लॉयर अगदी असाच बटईदार असतो. इजा अशिलाची, खर्च वकिलाचा. यश आलं तर साधारण एक तृतीयांश वाटा, प्रकरण खटल्यापर्यंत गेलं तर अनेकदा ४० टक्के.

त्या बियाण्याचा खर्च थोडाथोडका नसतो. इंजिनिअर, डॉक्टर, अपघाताची पुनर्रचना करणारे तज्ज्ञ तासाला शेकडो डॉलर घेतात. मोडकी गाडी वर्षानुवर्षं गोदामात जपून ठेवावी लागते. कंपनीकडून आलेली लाखो पानं कुणीतरी वाचावी लागतात. कंपनीच्या वकिलाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, खटला लांबला तर त्याचं बिघडत काहीच नाही. इकडच्या वकिलाचा मात्र प्रत्येक महिना स्वतःच्या खिशातून जातो. शिवाय अमेरिकेत जिंकलात तरी हरलेल्या पक्षाकडून वकिलाची फी सहसा मिळत नाही, ज्याची त्याने सोसायची. भाजलेली आजी किंवा पाय गमावलेला सुतार तासाची फी कुठून देणार? वाटा नसेल तर दावाच नाही.

म्हणूनच या धंद्यात खरं कौशल्य भाषणात कमी आणि नकार देण्यात जास्त आहे. फोन येतात भरपूर, घेतल्या जातात मोजक्या केसेस. दोष दाखवता येईल का, इजा मोठी आहे का, त्या दोषामुळेच ही इजा झाली हा सांधा जुळतो का आणि समोर पैसे देऊ शकणारं कुणी आहे का, हे सगळं तो पहिल्याच फोनवर चाचपत असतो. त्याआधीचा प्रश्न तर फार साधा असतो : ‘ती वस्तू कुठे आहे? भंगारात दिली नाही ना?’

तीस डॉलरचा सुटा भाग

या कामाचा खरा चेहरा पाहायचा तर जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा गावच्या लान्स कूपर या वकिलाची केस पाहावी.

१० मार्च २०१०, पाऊस पडत होता. एक तरुण नर्स २९व्या वाढदिवशी स्वतःच्या २००५च्या शेवरोले कोबाल्टमधून चालली होती. गाडी घसरली, समोरच्या गाडीशी टक्कर झाली, ती गेली. ओला रस्ता, वेग जास्त, असा सरळ अर्थ लावला गेला. पण आईवडिलांच्या मनातून एक गोष्ट जाईना. काहीच दिवसांपूर्वी चालता चालता गाडीचं इंजिन बंद पडलं होतं आणि गाडी डीलरकडे दाखवूनही आणली होती.

कूपरने गाडीतली नोंदी ठेवणारी पेटी वाचून घेतली. टक्कर व्हायच्या काही सेकंद आधी किल्ली ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकली होती. म्हणजे इंजिन बंद, स्टिअरिंग जड, एअरबॅगही निकामी. चालत्या गाडीत किल्ली कोण फिरवेल?

फ्लोरिडातले मार्क हूड हे इंजिनिअर त्याने कामाला लावले. हूडनी अपघातग्रस्त गाडीचा इग्निशन स्विच तपासला आणि तुलनेसाठी बाजारातून तसाच नवा स्विच विकत आणला, साधारण ३० डॉलरला. दोन्हीवर पार्ट नंबर एकच. पण नव्या स्विचमध्ये किल्ली फिरवायला जास्त जोर लागत होता. दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले, तर नव्याच्या आतली स्प्रिंग आणि खटका लांब होता. जुन्यात किल्ली जागेवर धरून ठेवायला जोरच कमी, किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागला तरी ती सरकावी. कुणीतरी कधीतरी भाग गुपचूप सुधारला होता आणि नंबर तोच ठेवला होता. गट नंबर तोच पण सातबाऱ्यावरची जमीन दुसरीच, असा हा प्रकार. नंबर बदलला असता तर जुन्या भागात काही खोट होती हे कागदावर आलं असतं आणि जुन्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या असत्या.

आता ‘डिपॉझिशन’. खटला उभा राहण्याआधी समोरच्या माणसाला एका खोलीत बसवून, शपथेवर, बहुधा कॅमेऱ्यासमोर दिवसभर प्रश्न विचारता येतात. एप्रिल २०१३मध्ये कूपरने स्विचचा आराखडा करणाऱ्या जनरल मोटर्सच्या इंजिनिअरसमोर दोन्ही स्विचमधला फरक ठेवला. असा बदल झाल्याचं आपल्याला माहीत नाही, असं तो म्हणाला. बदलाला २००६मध्ये मंजुरी देणाऱ्या कागदावर त्याचीच सही होती, हे पुढे बाहेर आलं.

फेब्रुवारी २०१४मध्ये कंपनीने गाड्या परत बोलवायला सुरुवात केली, हा आकडा सुमारे २६ लाखांवर गेला. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५मध्ये कंपनीने सरकारला ९० कोटी डॉलर भरले. वाहन सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रारी आधीपासून होत्या, पण तिने औपचारिक चौकशी उघडली नव्हती. चौकशी केली ती एका लहान गावातल्या वकिलाने, स्वतःच्या पैशाने, कारण पिकात त्याचा वाटा होता. माझ्या मते या धंद्याचं सगळं बरं आणि सगळं वाईट या एकाच गोष्टीत आहे.

असा वकील घडतो कसा?

चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षं कायद्याचं शिक्षण, मग ज्या राज्यात वकिली करायची तिथली परीक्षा. पण खरी शाळा त्यानंतरची. बरेच जण सुरुवातीची वर्षं सरकारी वकिलाच्या ऑफिसात किंवा चक्क विमा कंपन्यांच्या बाजूने काढतात. दावा किती रकमेला मिटवायचा हे पलीकडचे लोक कसं ठरवतात, ते पलीकडे बसूनच कळतं. बहुतेक दावे तडजोडीने मिटतात, त्यामुळे वर्षभरात प्रत्यक्ष ज्युरीसमोर उभं राहायचे प्रसंग थोडे. पण हा माणूस खरंच उभा राहतो, ही भीती असल्याशिवाय तडजोडीची रक्कम वाढत नाही.

ज्युरी म्हणजे मतदार यादीसारख्या याद्यांतून बोलावलेली सामान्य माणसं. शिक्षिका, प्लंबर, निवृत्त टपालवाला. त्यांना खटक्याची लांबी समजावून सांगायची असते. चांगला ट्रायल लॉयर म्हणून फर्डा वक्ता असण्यापेक्षा चांगला मास्तर असावा लागतो.

‘पण कॉफी सांडली म्हणून कोट्यवधी डॉलर? हा काय न्याय?’

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा किस्सा सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो अर्धाच आहे.

फेब्रुवारी १९९२, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की. ७९ वर्षांच्या स्टेला लिबेक थांबलेल्या गाडीत, नातवाच्या शेजारी बसल्या होत्या. साखर-दूध घालायला त्यांनी मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा कप गुडघ्यांत धरला, झाकण ओढलं आणि कॉफी मांडीवर सांडली. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवायचा कंपनीचा नियम होता. इतक्या गरम द्रवाने काही सेकंदांत कातडी पार आतपर्यंत भाजते. त्या आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. त्यांनी मागितले २० हजार डॉलर. कंपनीने देऊ केले ८००.

१९९४च्या खटल्यात रीड मॉर्गन या वकिलाने कंपनीच्याच कागदांतून दाखवलं की दहा वर्षांत भाजल्याच्या ७००हून जास्त तक्रारी आल्या होत्या. ज्युरीने २० टक्के चूक आजींचीही धरली, हे त्या मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. भरपाई दोन लाखांची एक लाख ६० हजार झाली. वर २७ लाखांचा दंड, म्हणजे कंपनीची सुमारे दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी तो दंड चार लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी दोन्ही पक्षांनी गुप्त तडजोड केली.

दंड एवढा मोठा का?

पार्किंगचं भाडं ३०० रुपये आणि नो पार्किंगचा दंड २०० असेल तर शहाणा माणूस गाडी कुठे लावेल? दंड धंद्याच्या हिशेबात बसत असेल, तर तो दंड नव्हे, भाडं झालं. म्हणून अमेरिकेत नुकसानभरपाईशिवाय वेगळी ‘दंडात्मक भरपाई’ आहे. ती इजेच्या मापाने न ठरता कंपनीच्या वर्तनाच्या आणि ऐपतीच्या मापाने ठरते. तिथेही वेसण आहेच : सहसा ती मूळ भरपाईच्या एकअंकी पटीत राहावी, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये सांगितलं. पेपरात मोठा आकडा येतो तो ज्युरीचा. पुढे न्यायाधीशांनी आणि अपील कोर्टाने कापलेला आकडा आतल्या पानात चार ओळींत.

‘शेवटी वकीलच सगळं खातो ना?’

या शंकेत तथ्य आहे. एक काल्पनिक हिशेब मांडू. तडजोड नऊ लाख डॉलरची झाली. वकिलाचा तिसरा हिस्सा तीन लाख. खटल्याचा खर्च वेगळा, समजा एक लाख. मग आरोग्य विमा कंपनी येते : उपचाराचे दीड लाख आम्ही भरले होते, ते परत द्या. अशिलाच्या हातात साडेतीन लाख. कागदावर सगळं रीतसर, पण करार न वाचता सही केलेल्या माणसाला हा हिशेब बघून घाम फुटतो.

रीतसर नसलेलंही घडतं. लॉस एंजेलिसचे टॉम जिरार्डी हे या क्षेत्रातलं बडं नाव. अशिलांचे दीड कोटी डॉलरहून जास्त पैसे लाटल्याबद्दल ते २०२४मध्ये दोषी ठरले. तडजोडीचा चेक आधी वकिलाच्या खात्यात येतो. बटईदारानेच खळं लुटल्यावर जमीनमालक कुठे जाणार?

उलट बाजूही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात विहिरींच्या दूषित पाण्याने मुलांना ल्युकेमिया झाला, असा दावा आठ कुटुंबांनी केला. त्यांचे वकील जॅन श्लिक्टमन यांनी त्यात सुमारे २६ लाख डॉलर ओतले. १९८६मध्ये एक कंपनी सुटली, दुसरीशी ८० लाखांवर तडजोड झाली आणि वकील दिवाळखोरीत गेला. त्याचा बोर्ड काही कुणी पाहिला नाही.

आणि ज्याची इजा लहान, त्याला वकीलच मिळत नाही. मिक्सरचं भांडं उडून बोटाला चार टाके पडले, तर एवढ्या पिकाच्या वाट्यासाठी कुणी बियाणं पेरत नाही. ही या पद्धतीतली खरी खोट, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

हजारो दावे एकदम आले तर?

कृत्रिम खुब्याचं उदाहरण घ्या. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा धातूचा खुबा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. धातूवर धातू घासून रक्तात कण उतरत होते, रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागत होत्या. अमेरिकेत हजारो दावे दाखल झाले. इतके खटले चालवायचे तर पिढ्या जातील. मग तिथली कोर्टं आपल्या म्हणीप्रमाणेच वागतात : शितावरून भाताची परीक्षा. मार्च २०१३मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने एका रुग्णाला ८३ लाख डॉलर दिले. पुढच्याच महिन्यात शिकागोच्या ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. दोन शितं, दोन चवी. त्यावरून दोन्ही बाजूंनी अंदाज बांधला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये सुमारे ८,००० रुग्णांसाठी जवळजवळ २५० कोटी डॉलरची तडजोड झाली. एकेकाची मूळ भरपाई, वकिलाचा हिस्सा धरून, साधारण अडीच लाख डॉलर.

आपल्याकडे असे वकील का नाहीत?

पहिलं कारण सरळ आहे, वाट्याने शेतीला बंदी. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही की मिळालेल्या रकमेत हिस्सा घेता येत नाही. मोटार अपघाताच्या भरपाईत टक्क्यावर फी मागितल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये हे पुन्हा बजावलं. म्हणजे टक्क्यावरची बोलणी होतात, हेही त्यातून कळलं. वकिलाचा स्वार्थ आणि अशिलाचं हित एकत्र मिसळू नये, हा बंदीमागचा विचार. जिरार्डींकडे पाहिलं की तो पटतो, कूपरकडे पाहिलं की डळमळतो.

दुसरं कारण, आपण वेगळी वाट धरली. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही. चार टाके पडलेल्या बोटाला अमेरिकेपेक्षा आपल्याकडे दाद मिळणं सोपं आहे. २०१९च्या नव्या कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरणही आलं. पण कंपनीच्या कपाटातले कागद बाहेर काढायला लावणं, दिवसभराचं डिपॉझिशन, तज्ज्ञांवर लाखोंचा खर्च, हे साध्या तक्रारदाराच्या आवाक्यातलं नाही.

अमेरिकन वकील स्वतः इथे येऊनही गेलेत. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर मेल्विन बेलीसारखे नामांकित वकील धावले आणि काही दिवसांतच अमेरिकेत १,५०० कोटी डॉलरचा दावा लागला. खाटेवरच्या माणसांचे अंगठे घेणारी गिधाडं, अशी तेव्हा टीका झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. भारत सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांचं वकीलपत्र स्वतःकडे घेतलं. १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने खटला भारतात पाठवला आणि १९८९मध्ये तो ४७ कोटी डॉलरवर मिटला.

तोच एएसआर खुबा भारतातही सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला. आयातीचा परवाना २०१२मध्ये रद्द झाला, केंद्राची समिती नेमली गेली २०१७मध्ये, भरपाईचं सूत्र जाहीर झालं नोव्हेंबर २०१८मध्ये : ३० लाख ते एक कोटी २३ लाख रुपये. अमेरिकेतल्या तडजोडीनंतर पाच वर्षांनी. तेव्हा एक वेगळीच अडचण समोर आली. तीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागेना. कुणाच्या शरीरात तो खुबा आहे हे हॉस्पिटलांच्या कागदांतून सापडत नव्हतं, आणि खुद्द त्या माणसांना आपल्या खुब्याचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अमेरिकेत त्याच काळात टीव्हीवर आणि हायवेवर वकिलांच्या जाहिराती चालू होत्या : ‘तुम्हाला एएसआर खुबा बसवला आहे का? फोन करा.’